तळघरातली उंची

मामा : उंचीवर गेल्याशिवाय माणसाला स्वतःची खरी किंमत कळत नाही. हवा विरळ होत जाते, तसतसा अंगातला खोटेपणा आपोआप गळून पडतो.

भाची : मामा, तुम्ही तळघरात आहात. पॅडल मारा.

मामा : इमारतीच्या दृष्टीने तळघरात. पण या काचेच्या खोलीत तू जी हवा सोडतेस, ती साडेचार हजार मीटरवरची आहे. माझ्या फुप्फुसांना तुझं तळघर दिसत नाही.

भाची : हवा कुठल्या उंचीची आहे, ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

मामा : सांगायला कशाला हवं? आयुष्यभर भूगोल शिकवलाय. डोकं जड झालंय, कानशिलं ठणकतायत, आणि मघापासून समोरची भिंत निळसर दिसतेय.

मामी : भिंत निळीच आहे.

मामा : ही बाहेरून बोलतेय ना? तिचा माईक काढून घे.

मामी : माझ्याकडे माईक नाही. मी हिच्या शेजारी बसलेय, म्हणून ऐकू जातं. तुम्ही चालवा सायकल. ते डोंगरावरचे बूट घालून बसलात, निदान पाय तरी हलू देत.

मामा : बुटांची सवय व्हायला हवी. घोट्याला आधार असतो त्यांचा.

मामी : सायकलवरून घोटा मुरगळतो का कुणाचा?

भाची : मामा, शेवटची काही मिनिटं राहिलीत. आता बोलू नका, नुसता श्वास घ्या. मी माईक बंद करतेय.

मामी : बंद झाला?

भाची : झाला.

मामी : एक विचारू? त्यांच्या बोटाला जो चिमटा लावलाय, त्याचा आकडा या पडद्यावर येतो ना? अठ्ठ्याण्णव. मागच्या खेपेलाही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच होता. हे शंभरपैकी असतं?

भाची : हो. रक्तात ऑक्सिजन किती भरलाय, त्याचा आकडा आहे तो.

मामी : म्हणजे एवढ्या विरळ हवेत, एवढी सायकल मारून, या वयात माणसाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

भाची : मामी, या प्रयोगात मामा शेवटचे आहेत आणि आजची त्यांची शेवटची खेप आहे. ती संपेपर्यंत मला काही बोलता येत नाही.

मामी : मी कुठे काय विचारलं? शाळेत त्यांनी कुणाला शंभरपैकी साठाच्या वर दिले नाहीत, म्हणून आश्चर्य वाटलं एवढंच.

भाची : तुमचं दोघांचं ठरलंय काय नक्की? मामा म्हणाले, आज संध्याकाळी निकाल आहे.

मामी : निकालच. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी तो एक आहे बघ, दातांचा डॉक्टर. कायम नकाशा घरी विसरून यायचा म्हणून वर्गात त्याचं नावच नकाशा पडलं. त्याचा फोन आला होता. ती मुलं मिळून, हे वर्गात शिकवायचे त्या खिंडीवर चाललीत आणि म्हणाली, सर, तुम्ही पण चला. त्या फोनपासून हे घरात बूट घालून फिरतायत.

भाची : आणि तुमचं म्हणणं?

मामी : मी नको म्हटलं. मग भांडण, मग दोन दिवस अबोला, म्हणजे माझा, त्यांना तो लक्षात आला नाही. शेवटी ठरलं की तुझ्या प्रयोगशाळेने सांगायचं. उंचावर व्यायाम करून शरीर आतून गंजतंय की टिकतंय, ते रक्तात कळतं म्हणालीस ना तू? टिकत असेल तर जा, गंजत असेल तर नाव काढायचं नाही. नकाशाला आज उत्तर द्यायचंय.

भाची : प्रयोगशाळेचं काम असं हो-नाही सांगायचं नसतं मामी.

मामी : मग कुणाचं असतं? माझं म्हणणं घरात कुणी ऐकत नाही, आणि त्यांचं मी ऐकत नाही. तिसरं कुणीतरी हवं होतं.

भाची : तुम्हाला कसली भीती वाटते? हृदयाच्या डॉक्टरांनी तर हो म्हटलंय.

मामी : हृदयाची नाही गं. तुला माहीत आहे ना त्यांचं, समोरच्याने तोंड उघडलं की दोन शब्दांत 'कळलं, पुढे'. पस्तीस पोरांचा वर्ग आवरायचा तर ते ठीक होतं. मी टेलिफोनच्या बोर्डावर नोकरी केली. मला माणसाचं शेवटपर्यंत ऐकायची सवय, म्हणून निभावलं. पण उद्या तिकडे वर गेल्यावर यांचं शरीर म्हणेल, 'सर, डोकं दुखतंय, आता खाली...' हे म्हणतील, 'कळलं, पुढे.' आणि चालायला लागतील वर.

भाची : तसंच करतील.

मामी : तुझ्या यंत्रात यासाठी काही तपासणी आहे का?

भाची : नाही.

मामी : तेच म्हटलं. घे, हात हलवतायत. माईक लाव.

मामा : मी मघापासून बोलतोय. तुम्ही दोघी नुसत्या माना हलवताय.

भाची : वेळ संपली, मामा. थांबा आता. हळू उतरा, बूट अडकेल.

(यंत्राची घरघर थांबते. काचेचं दार उघडतं.)

मामा : बघ, बाहेर आल्या आल्या हवा कशी दाट लागते. अगदी चावून खावी अशी. समुद्रसपाटीवरच्या माणसाला हे सुख कळायचं नाही.

मामी : बसा खुर्चीत. घाम पुसा आधी.

भाची : डावा हात द्या. रक्त घेते. मूठ आवळा.

मामा : घे. आणि आता सांग, किती गंज आहे? मी तयार आहे.

भाची : आजच्या नमुन्याला वेळ लागेल. पण आधीच्या खेपांचे आकडे आलेत, आणि त्यांच्यात मला काहीतरी विचित्र दिसतंय.

मामा : कळलं. फार चांगले आलेत.

भाची : मी काय म्हणतेय ते...

मामा : ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय? ऑक्सिजनमुळे लोखंड गंजतं, तसं शरीर गंजतं. उंचावर ऑक्सिजन कमी, म्हणजे गंजही कमी. साधा हिशोब आहे. मी हिला सांगितलंय, डोंगरावर माणूस जास्त टिकतो.

भाची : नाही, मामा.

मामा : नाही?

भाची : उलटं आहे. मूठ सोडा आता. हा कापूस दाबून धरा.

मामी : उलटं कसं?

भाची : आपल्या पेशीत एक भट्टी असते म्हणा. ऑक्सिजन वापरून ती अन्नातून शक्ती काढते. भट्टी कितीही चांगली असली तरी थोड्या ठिणग्या उडतातच. त्या ठिणग्या म्हणजे ऑक्सिजनचेच, पण अर्धवट राहिलेले, चिडके तुकडे. समोर जे येईल त्याला ते डागतात. चरबीला, प्रथिनांना, कधी जनुकांना. शरीराकडे ठिणग्या विझवणारे असतात. ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी झाले, की त्याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

मामा : कळलं. पुढे.

मामी : तिचं वाक्य संपलं होतं म्हणून चालवून घेते.

भाची : आता उंचावर हवा विरळ. भट्टीला ऑक्सिजन पुरेसा मिळत नाही, म्हणजे ती शांत होईल असं वाटतं. पण ती अडखळत चालते, आणि अडखळणारी भट्टी जास्त ठिणग्या उडवते. त्यात व्यायाम करायचा म्हणजे भट्टीवर आणखी काम टाकायचं. खाली जेवढ्या उडतात, त्यापेक्षा तोच व्यायाम वर केला की साधारणपणे जास्त उडतात.

मामी : म्हणजे वर जाऊन व्यायाम वाईट?

भाची : असंही नाही. थोड्या ठिणग्या उडाल्या तर तो शरीराला निरोप असतो, विझवणारे वाढवा म्हणून. हळूहळू चढलं, मध्ये थांबलं, की शरीर तो निरोप ऐकतं आणि तयारी करतं. एकदम उंच गेलं, दामटून चढलं, तर निरोपांचा नुसता गोंगाट होतो आणि तयारीला वेळच मिळत नाही.

मामी : बोर्डावर एकदम सगळे दिवे लागले की असंच व्हायचं. कुणालाच जोडून देता यायचं नाही.

भाची : अगदी तसंच. आता तुमचे आकडे, मामा. सायकल मारल्यावर ठिणग्यांच्या खुणा थोड्या तरी वाढायला हव्यात. कुठल्याही हवेत, कुणाच्याही रक्तात. तुमच्यात जवळपास वाढतच नाहीत. आणि व्हिटॅमिन सी एवढं आहे, की मी यंत्र बिघडलं समजून तपासणी परत केली.

मामा : काही लोकांचं रक्त मुळातच चांगलं असतं.

मामी : बुटाच्या खोक्यात डब्या आहेत, सी आणि ई. एक नारिंगी, एक पिवळी. मोज्यांखाली.

मामा : तू माझं खोकं उघडलंस?

मामी : तुम्ही बूट पायात घालून फिरता. खोकं रिकामं समजून टाकायला निघाले होते.

भाची : मामा, किती गोळ्या घेत होता?

मामा : औषधवाल्याने सकाळी एक सांगितली होती. मी जरा जास्त. परीक्षा म्हटली की थोडी तयारी करावी माणसाने.

मामी : अशा तयारीला तुमच्या वर्गात कॉपी म्हणायचे. पोराला बाकावर उभं करायचात.

भाची : पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालणार नाहीत. या खुर्चीत बसवून सांगितलं होतं.

मामा : मला आठवत नाही.

भाची : आठवणार कसं? माझं दुसरं वाक्य सुरू होतं आणि तुम्ही म्हणालात, 'कळलं, सायकल कुठे आहे?'

मामा : पण गोळ्यांनी नुकसान काय झालं? ठिणग्याच विझल्या ना?

भाची : विझल्या. पण ठिणग्या म्हणजेच निरोप होता. तो पोचायच्या आधीच पुसला गेला, तर शरीर कशाची तयारी करणार? काही प्रयोगांत तसं दिसलंय, काहींत नाही दिसलं. पण इथे ते मोजायचंच होतं, आणि गोळ्यांमुळे ते मोजता येणार नाही. तुमचे सगळे नमुने मला बाजूला काढावे लागतील.

मामी : फोन फार वाजतो म्हणून यांनी वायरच कापली.

मामा : सगळे?

भाची : सगळे.

मामा : म्हणजे मी साडेचार हजार मीटरवर एवढे दिवस जी मेहनत केली...

भाची : त्याचंही सांगायचंय. आता सांगता येतं.

मामा : कळ... बरं. सांग.

भाची : यात निम्मे लोक खरोखर विरळ हवेत सायकल चालवतात आणि निम्मे साध्या हवेत. यंत्र दोघांसाठी घरघरतं, दार दोघांसाठी लागतं. आपण कुठल्या गटात आहोत ते कुणालाच सांगत नाही. नाहीतर मन आपलं आपणच चढायला लागतं.

मामा : आणि मी?

भाची : साध्या हवेत.

मामा : आज?

भाची : सगळ्या खेपांना.

मामी : अठ्ठ्याण्णव.

मामा : तुला माहीत होतं?

मामी : मला माहीत काहीच नव्हतं. मला फक्त आकडा दिसत होता. तुम्ही आत म्हणायचात की क्षितिज गोल दिसतंय, आणि बाहेर आकडा हलायचा नाही.

मामा : म्हणजे मी या शहराच्याच हवेत होतो. आठशे चाळीस मीटर.

भाची : हो.

मामा : तळघर आहे. आठशे छत्तीस.

मामी : पाणी घ्या थोडं.

मामा : डोकं मात्र खरंच दुखायचं गं. ते मी काही मनाने केलं नाही.

भाची : दुखत असेल. बंद खोली, गरम, वर ते बूट. आणि दुखणार असं ठरवून आत गेलं की दुखतंही.

मामा : आणि आता ही म्हणेल, प्रयोगशाळेने काहीच सांगितलं नाही, म्हणजे जायचं नाही.

मामी : मी अजून काही म्हटलेलं नाही.

मामा : तू म्हणायच्या आत मला कळतं.

मामी : नाही कळत. इतकी वर्षं मला वाटायचं कळत असेल. नाही कळत तुम्हाला.

मामा : बरं. म्हण.

मामी : तुम्ही आधी सांगा. तुम्हाला तिथे जायचंय कशाला? प्रत्येक वर्षी पोरांना शिकवलीत ती खिंड. पाठ आहे तुम्हाला. न बघता काढता येते.

मामा : तेच. न बघताच काढत आलो. डावीकडे उंच शिखर, उजवीकडे बुटकं, मध्ये खोलगट. खडूच्या तीन रेषा. तास संपला की डस्टर. तो नकाशा एकदा उभा राहिला आणि म्हणाला, सर, तिकडे थंडी किती असते? मी तापमान सांगितलं. पुस्तकात होतं. तो म्हणाला, तसं नाही सर, म्हणजे स्वेटर किती घालायचे?

भाची : मग?

मामा : ते पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, कळलं, बस खाली.

मामी : हे कधी सांगितलं नाहीत.

मामा : एवढं काय सांगायचं त्यात? पोरगा बसला खाली. पण मला दर वर्षी ती खिंड पुसताना वाटायचं, स्वेटर किती घालायचे ते एकदा बघून यावं.

मामी : तू मघाशी सांगितलंस ते यांना परत सांग. ते हळूहळू चढायचं.

भाची : मामा, वर गेल्यावर पहिला दिवस नुसतं बसायचं. दुसऱ्या दिवशी थोडं फिरायचं. जेवढं चढाल, त्यापेक्षा खाली येऊन झोपायचं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पाय नीट पडेनासे झाले, तर...

मामी : आता ते 'कळलं' म्हणतात का बघ.

मामा : तर?

भाची : तर खाली यायचं. विचार करत बसायचं नाही, कुणाला समजावत बसायचं नाही. खाली यायचं. आणि गोळ्या माझ्याकडे द्यायच्या.

मामा : खाली यायचं. पुढे?

भाची : पुढे काही नाही. एवढंच.

मामी : तुम्ही तिला पूर्ण बोलू दिलंत.

मामा : तळघराची हवा बाधली असेल.

मामी : जा तुम्ही.

मामा : कुठे?

मामी : खिंडीवर. आत काचेत काही होत नव्हतं तरी तुमचं डोकं दुखत होतं, आणि तरी एकदाही सायकलवरून उतरला नाहीत. खोटी तर खोटी, चढण चढलात. स्वेटर तीन घ्या. दोन अंगात, एक पिशवीत. नकाशाला भेटलात की सांगा.

मामा : तू खरंच म्हणतेस?

मामी : थांबा, मी लावते फोन. तुम्ही लावलात तर दोन शब्दांत ठेवाल. मोठ्याने सगळ्यांना ऐकू येईल असं कुठे दाबायचं गं?

भाची : हे इथे. लागला बघा.

नकाशा : हॅलो, सर? नकाशा बोलतोय. मीच करणार होतो आता फोन. येताय ना?

मामा : येतोय. तू बोल. सगळं सांग.

नकाशा : सगळं?

मामा : हो, शेवटपर्यंत. मी ऐकतोय.

नकाशा : सर, तब्येत बरी आहे ना तुमची?

मामा : उत्तम आहे. तपासून घेतलीय. सांग.

नकाशा : त्या दिवशी सांगतच होतो, पण तुम्ही 'खिंड' ऐकलंत आणि 'कळलं' म्हणून फोन ठेवलात. शनिवारी सकाळी निघायचं. गाडी केलीय, दारापर्यंत जाते. दारापर्यंत म्हणजे पायथ्याच्या विश्रामगृहाच्या. वर कुणी चढणार नाही, सर. माझे गुडघे गेलेत, वर्गात पहिला यायचा त्याचं बायपास झालंय, आणि बाकीचे तर जिन्याला पण लिफ्ट शोधतात. अंगणात खुर्च्या टाकायच्या. तिथून खिंड अगदी समोर दिसते. तुम्ही ती आम्हाला एकदा परत शिकवायची. बाकी कार्यक्रम काही नाही.

मामा : डावीकडचं उंच शिखरही दिसतं?

नकाशा : दोन्ही दिसतात, सर. चहा पिता पिता.

मामी : थंडी किती असते रे तिथे?

नकाशा : काकू, काही नाही. तुमच्याकडे असते तेवढीच. पातळ स्वेटर पुरे, तोही संध्याकाळी.

मामा : एक.

नकाशा : एक, सर.

मामा : विश्रामगृहाची उंची किती?

नकाशा : विचारणार हे माहीत होतं, म्हणून बघून ठेवलीय. बरोब्बर आठशे मीटर.

मामी : काय झालं? चढ फार आहे का?

मामा : नाही. इथून छत्तीस मीटर उतार आहे.